कागदाचा सूर ऐकणारे इतिहासाचार्य

सफाळे : पश्चिम रेल्वेची गाडी वैतरणेचे पूल ओलांडून उत्तरेकडे निघाली की सफाळे येते आणि त्यापुढचे स्थानक केळवे रोड. तेथून समुद्राच्या दिशेला गेले की केळवे आणि माहीम ही एकमेकांना लागून असलेली गावे. मुंबईतल्या माहीमशी गल्लत होऊ नये म्हणून या माहीमला केळवे-माहीम म्हणण्याची रीत पडली. रोज विरार-डहाणू मार्गावर ये-जा करणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की या परिसराचे नाव मराठी भाषेतल्या अतिशय जुन्या ऐतिहासिक लेखनांपैकी एकाशी जोडलेले आहे. ते लेखन म्हणजे ‘महिकावतीची बखर’. ती शोधून, तपासून आणि भली मोठी प्रस्तावना जोडून १९२४ मध्ये छापली ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी.

राजवाड्यांची ख्याती दोन प्रकारची आहे. एक, गावोगाव पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा करणारा विरक्त संशोधक अशी. आणि दुसरी, कोणाचीही भीडभाड न ठेवता लिहिणारा तिखट लेखक अशी. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे मूळ एकच होते. लिहिणाऱ्याचा सूर कोणता आहे, तो कोणाशी, कोणत्या नात्याने आणि कशासाठी बोलतो आहे, हे ओळखण्याचा विलक्षण कान राजवाड्यांना लाभला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या लेखणीतला आर्जवी स्वर त्यांना ऐकू येई. स्वतःच्या लेखणीचा स्वर मात्र त्यांनी कधी खाली आणला नाही. त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

शाळेवर रागावलेला विद्यार्थी

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ चा. त्यांचे घराणे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. सत्तावन्नच्या धामधुमीचे प्रवासवर्णन लिहिणारे विष्णुभट गोडसे हेही याच गावचे, हा एक योगायोग. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शिक्षण पुण्यात, तेही रखडत झाले. डेक्कन कॉलेजातून बी.ए. होईपर्यंत त्यांनी वयाची पंचविशी ओलांडली होती. परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातल्या इतर पुस्तकांत त्यांचा जीव अधिक रमे. आपल्या शिक्षणाची ही कथा त्यांनी पुढे ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या लेखात सांगितली. हा लेख आजही वाचण्यासारखा आहे. त्यात राग आहे, पण तो हसत-हसत काढलेला आहे. पुढे राजवाड्यांच्या लेखनात हे हसू क्वचितच आढळते.

पदवीनंतर काही काळ त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवले. ऐन तारुण्यात पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही आणि नोकरीही फार काळ धरली नाही. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक सुरू केले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत, हा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. हे मासिक फार चालले नाही. परंतु संवादाच्या रूपात लिहिलेला ग्रंथ दुसऱ्या भाषेत नेताना प्रत्येक बोलणाऱ्याचा ढंग सांभाळावा लागतो, ही तालीम त्यांना याच काळात मिळाली असावी. इंग्रजी त्यांना उत्तम येत होते. तरीही आपले संशोधन आपण मराठीतच मांडणार, हा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत मोडला नाही. या निश्चयामुळे महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांना त्यांचे काम उशिरा कळले, आणि पुष्कळसे कळलेच नाही.

वाईच्या कागदांतले पानिपत

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास त्या वेळी दोन गोष्टींवर उभा होता. एक, ग्रँट डफसारख्या इंग्रज लेखकांचे ग्रंथ. दुसरी, आपल्याकडच्या बखरी. राजवाड्यांना दोन्हींवर भरवसा नव्हता. वाई येथे एका जुन्या घराण्यात पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा संग्रह त्यांच्या हाती लागला आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये बाहेर पडला. पुढच्या दोन दशकांत या मालेचे बावीस खंड झाले. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची अक्षरशः झडती घेतली. बखरकाराने सांगितलेला प्रसंग आणि त्याच दिवशी लिहिलेले पत्र समोरासमोर ठेवून बखर कोठे चुकते, कोठे रंगवते आणि कोठे निव्वळ ऐकीव सांगते, हे त्यांनी दाखवले. तेव्हापासून समकालीन कागद हा पहिला साक्षीदार, हा दंडक मराठी इतिहासलेखनात रुजला.

हे काम करणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे अवघड आहे. जुनी पत्रे मोडी लिपीत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हेही नसतात. कोठे प्रश्न आहे, कोठे आर्जव आहे, कोठे दटावणी आहे, हे वाचणाऱ्यानेच क्रियापदावरून आणि संदर्भावरून ओळखायचे. पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिन्यातला चंद्र लिहिलेला असतो, पण साल नसते. मग मजकुरातून साल काढायचे. त्यातच कागद मिळवणे कठीण. इनाम कमिशनच्या चौकशीत अनेकांची वतने गेली होती. त्यामुळे दप्तर दाखवले तर आणखी काही जाईल, ही धास्ती जुन्या घराण्यांत टिकून होती. राजवाडे त्यांच्या दारात जात, नकार ऐकत, पुन्हा जात. हाताने शिजवलेले एक वेळचे जेवण आणि अंगावरचे जाडेभरडे कपडे एवढाच त्यांचा संसार होता.

या पत्रांत सुराचे पहिले स्थान असते ते मायन्यात. वडीलधाऱ्यास तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, सरदारास राजश्री आणि अखंडित लक्ष्मी अलंकृत, मठातल्या स्वामींस परमहंस. कोणी आशीर्वाद लिहायचा, कोणी दंडवत, कोणी रामराम, हे सारे ठरलेले. घाईत वाचणारा हा भाग सोडून देतो. जाणकार वाचक तेथेच थांबतो, कारण ठरलेल्या चाकोरीत एखादा शब्द कमी पडला की काहीतरी बिनसलेले असते. कालपर्यंत विनंती करणारा आज आज्ञा लिहू लागला, तर मधल्या काळात त्याचे पारडे जड झालेले असते. मधला मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे आणि शेवटच्या ओळी अनेकदा धनी स्वतः लिही. कारकुनाच्या सभ्य, गुळगुळीत मजकुराखाली धन्याच्या दोन ओळी आल्या की पत्राचा सूरच पालटतो. खरा हुकूम, खरी चिंता किंवा खरा संताप पुष्कळदा त्या दोन ओळींतच असतो.

सफाळे, केळवे, तारापूर या पट्ट्यातल्या वाचकांना याचे जवळचे उदाहरण सांगता येईल. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे आणि तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवाभावाचा सरदार गोळी लागून पडला. पेशव्यांच्या घरातून त्याच्या आईला सांत्वनाचे पत्र गेले. त्यात राज्यकर्त्याचा आब बाजूला ठेवलेला आहे. गेलेल्या मुलाच्या जागी आपल्यालाच मुलगा समजावे, अशा भावनेने ते लिहिले आहे. मोहिमेचे इतर कागद तोफा, मोर्चे आणि दारूगोळ्याच्या हिशेबांनी भरलेले असताना हे एक पत्र वेगळ्याच आवाजात बोलते. लढाईचा जय नोंदवणारा इतिहास आणि त्या जयाची किंमत सांगणारा इतिहास, दोन्ही एकाच दप्तरातून निघतात.

राजवाड्यांच्या तिसऱ्या खंडात धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार आला. वसईच्या मोहिमेमागे ज्यांची प्रेरणा होती, तेच हे स्वामी. बाजीरावाने त्यांना लिहिलेल्या पत्रांत शिष्याची नम्रता आहेच. परंतु त्यापेक्षा कर्जाखाली वाकलेल्या माणसाची काकुळती अधिक आहे. कारण स्वामी केवळ गुरू नव्हते, पेशव्यांचे सावकारही होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी याच स्वामींचे चरित्र भक्तिभावाने लिहिले होते. राजवाड्यांनी त्याच कागदांतून वेगळा माणूस वाचला आणि समर्थ रामदासांच्या तुलनेत स्वामींची योग्यता बेताचीच ठरवली. कागद बहुतांशी तेच, पण एकाला त्यात भक्ती ऐकू आली, दुसऱ्याला व्यवहार.

एका माणसाचा निकाल

मात्र हा कान नेहमीच न्यायाने चालला असे म्हणता येणार नाही. पानिपतच्या पत्रांत गोविंदपंत बुंदेले यांचे प्रकरण आहे. बुंदेलखंडातला हा वयस्कर मामलेदार. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले, तेव्हा यमुनेवर नावा जमवा, रसद व पैसा पाठवा, अब्दालीचा पुरवठा तोडा, असा लकडा त्यांनी गोविंदपंतांमागे लावला. मागणीचा सूर पत्रागणिक चढत गेला आणि उत्तरादाखल अडचणी येत राहिल्या. राजवाड्यांना त्या अडचणींत टाळाटाळ आणि अप्रामाणिकपणा ऐकू आला. पानिपतच्या अपयशाचा मोठा वाटा त्यांनी गोविंदपंतांच्या आणि मल्हारराव होळकरांच्या माथी मारला, आणि तोही अत्यंत कठोर शब्दांत.

पुढच्या अभ्यासकांनी हा निकाल जसाच्या तसा मान्य केला नाही. वसुली बंद पडलेल्या, शत्रूने वेढलेल्या मुलखात बसलेल्या माणसाच्या अडचणी खऱ्याही असू शकतात. शिवाय हे गोविंदपंत अब्दालीची रसद तोडण्याच्याच कामगिरीवर असताना १७६० च्या अखेरीस मारले गेले. लाचार स्वरात लिहिणारा माणूस खोटेच बोलत असतो असे नाही. कित्येकदा तो केवळ लाचार असतो. राजवाड्यांनी येथे सूर अचूक ओळखला, पण त्यामागचे कारण ठरवताना घाई केली, असे म्हणावे लागते. त्यांच्या प्रस्तावनेचा जोर मात्र असा होता की गोविंदपंतांच्या नावाला लागलेला डाग सामान्य वाचकांच्या मनातून पुसायला फार काळ लागला. जोरकस गद्याची ही एक बाजू आहे.

शब्दसंपत्तीवरून राज्याची हवा ओळखण्याचा त्यांचा प्रयोग अधिक टिकाऊ ठरला. आठव्या खंडाच्या निमित्ताने त्यांनी फारसीचा मराठीवर झालेला परिणाम तपासला. १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतले तीन कागद घेऊन त्यांनी त्यातले शब्द मोजले. पहिल्या कागदात मराठी शब्द शंभरात जेमतेम चौदा. दुसऱ्यात बासष्टांहून अधिक. तिसऱ्यात त्र्याण्णवांच्या वर. मधल्या काळात शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहिले होते आणि महाराजांच्या प्रेरणेने ‘राज्यव्यवहारकोश’ही तयार झाला होता. तीन कागदांवरून सबंध भाषेचे अनुमान काढणे धाडसाचेच. तरी दरबारी भाषेची बोलण्याची ढब राज्याबरोबर पालटते, हे इतक्या साध्या मोजणीने त्याआधी कोणी दाखवले नव्हते.

स्वतःचा एकच सूर

७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मराठी संशोधनाला मिळालेले हे पहिले भक्कम घर. पण ते उभे करणारा माणूस त्या घरात फार काळ सुखाने नांदला नाही. सभेत बोलताना आणि लिहिताना त्यांची भाषा एकच असे. ज्या करारी स्वरात ते मेलेल्या सरदारांची झडती घेत, त्याच स्वरात हयात सहकाऱ्यांचीही. मतभेद वाढले आणि ते मंडळापासून दुरावले.

त्यांच्या समकालीनांकडे पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर शांतपणे, वर्षानुवर्षे छापले. पारसनीसांनी गोड वाणीने संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी, दोघांनाही जिंकून घेत साताऱ्यात मोठा संग्रह जमवला. राजवाड्यांना यातले काहीच साधण्यासारखे नव्हते आणि साधायचेही नव्हते. सरकारची मदत नको, राजेरजवाड्यांची मर्जी नको. मग मवाळ लिहायचे कोणासाठी, असा त्यांचा एकूण खाक्या दिसतो. आपल्या समाजाला झोप लागली आहे आणि हळू आवाजात तो जागा होणार नाही, असेही त्यांना मनोमन वाटत असावे. त्यांच्या जहाल वाक्यांमागे तुच्छता कमी आणि घाई अधिक आहे.

एकदाच त्यांनी सूर बदलला आणि तेव्हा गहजब अधिक झाला. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात ते भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहू लागले. अतिप्राचीन समाजातील स्त्री-पुरुष संबंधांविषयी वैदिक आणि पौराणिक वाङ्मयातील पुरावे त्यांनी अगदी थंडपणे, शास्त्रीय कोरडेपणाने मांडले. त्यात ना संताप, ना टोमणे. त्यांच्या शिव्याशापांना सरावलेल्या वाचकांना हा थंडपणा मात्र सोसवला नाही आणि लेखांना कडाडून विरोध झाला. हे काम अपुरे राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते पुस्तकरूपाने आले.

पुन्हा माहीमकडे

बखरींना साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून हाकलणाऱ्या राजवाड्यांनी आयुष्याच्या उतरणीवर एका बखरीलाच हात घातला, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. ‘महिकावतीची बखर’ हे एका माणसाचे, एका काळातले लेखन नाही, हे त्यांनी ओळखले. सहा प्रकरणांच्या या संग्रहात काही गद्य, काही पद्य. काही भाग पंधराव्या शतकातला, काही सोळाव्या आणि त्यानंतरचा. केशवाचार्यांच्या नावावरचा जुना गद्य भाग शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ चा. भगवान दत्ताच्या ओव्या त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी रचलेल्या. भाषेचे वय, लिहिणाऱ्याचा हेतू आणि त्याची बोलण्याची ढब यांवरून हे थर वेगळे करणे, हीच तर राजवाड्यांची हातोटी.

बखरीचा विषय उत्तर कोकण. बिंब राजाची कथा, माहीमची राजधानी, दमणच्या बाजूपासून मुंबई बेटांपर्यंतचा मुलूख, तेथे वसलेली कुळे, त्यांचे वंश आणि वृत्ती. केशवाचार्यांच्या भागात लिहिण्याचे कारणही दिले आहे. मालाडचा देसला नायकोराव यास देवीचा दृष्टांत झाला, त्याने लोकांना एकत्र केले आणि महाराष्ट्रधर्म बुडू नये म्हणून कुळांची माहिती सांगितली गेली, असा तो प्रसंग. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द समर्थ रामदासांच्या दोनशे वर्षे आधी येथे येतो. राजवाड्यांना या मजकुरात राजाची स्तुती करणाऱ्या भाटाचा आवाज ऐकू आला नाही. राज्य गेलेले, परके अंमलदार आलेले, आपली माणसे आपले कूळ विसरू लागलेली. अशा वेळी गावकीसमोर उभे राहून आठवेल तेवढे सांगून टाकणाऱ्या माणसाची ती चिंता होती. सन-सनावळीत ही बखर चुकते, दंतकथा सांगते. पण त्या चिंतेत खोट नाही, आणि म्हणून ती पुरावा आहे.

प्रस्तावनेत राजवाडे या चिंतेच्या मागे लागतात. किनाऱ्यावर आणि डोंगरात कोण केव्हा आले, वारली, ठाकूर, कातकरी, कोळी यांचा वसाहतक्रम काय, गावांच्या नावांत झाडे-झुडपे किती आणि माणसे किती, असे प्रश्न ते उपस्थित करतात. त्यांची कित्येक उत्तरे आज स्वीकारली जात नाहीत. जातींविषयीची काही विधाने तर आजच्या वाचकाला खटकतील. राजे बदलले तरी येथील सामान्य माणूस अलिप्त का राहिला, या प्रश्नापाशी मात्र ते वारंवार येतात. पोटापुरते सहज पिकवणाऱ्या भूमीत राज्य कोणाचे याची फिकीर कोणाला, असा त्यांचा कडवट निष्कर्ष. हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर चौदाव्या शतकातले माहीम होते आणि विसाव्या शतकातले पारतंत्र्यही होते.

बखर छापून झाल्यावर ते फार दिवस जगले नाहीत. अखेरच्या काळात त्यांनी धुळ्याचा आश्रय घेतला. तेथे समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांच्यासारखी, त्यांचा स्वभाव जाणून त्यांना सांभाळणारी माणसे होती. धातुकोशाचे, व्याकरणाचे काम चालूच होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. पारसनीसही त्याच वर्षी, मार्च महिन्यात गेले होते. मागे ना घर, ना संपत्ती. होत्या त्या रुमालांत बांधलेल्या कागदांच्या थप्प्या आणि अर्धवट राहिलेली टिपणे. त्यांच्यासाठी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रकाशनाला २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.